अनवाणी राजाची मोळी

१

विसरवाडीच्या प्रार्थनाघराच्या दारात वोतेकबाबा मरून पडले होते. पडले होते असं आपलं म्हणायचं, कारण त्यांचा उजवा हात दाराच्या लोखंडी कडीत मनगटापर्यंत अडकवलेला होता, त्यामुळे देह धड आडवाही नव्हता आणि धड बसलेलाही नव्हता. अंगावर काळी घोंगडी. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. पायाशी सुक्या लाकडांची एक मोळी अगदी नीट ठेवलेली. डोक्याच्या मागे घाव होता आणि त्यातलं रक्त ओट्यावरून ओघळून पायरीवर थिजलं होतं.

बाबा ख्रिस्ती धर्मोपदेशक, खरं नाव वोयतेख. गावाच्या जिभेने त्याचं वोतेक केलं आणि बाबांनीही ते आनंदाने चालवून घेतलं. देश बोहेमिया. तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तिथे इंग्रजांचं राज्य नाही आणि थंडीत नदी इतकी गोठते की तिच्यावरून गाड्या चालतात, एवढं मात्र बाबांनी सांगितलं होतं. त्यातलं दुसरं कोणी खरं मानलं नव्हतं.

एकोणीसशे चौतीस साल, पितृपंधरवडा चाललेला. पाऊस जायचं नाव घेत नव्हता. नवापूरहून फौजदार हिलालराव पाटील घोड्यावरून आले तेव्हा अख्खं गाव चिंचेखाली गोळा झालं होतं आणि एकही माणूस प्रार्थनाघराच्या जवळ फिरकत नव्हता. खून म्हटलं की लोक मुंग्यांसारखे जमतात, इथे उलटंच.

"काय रे, इतले लांब का उभा शेतस?" हिलालरावांनी विचारलं.

एक म्हातारा पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "साहेब, बाबांनी काल ज्या राजानी गोष्ट सांगी, तो राजा असाच मरेल व्हता. कडीमा हात. दारमाच."

आता हिलालराव हे कोरीटच्या पाटील घराण्यातले, अंगापिंडाने उभे-आडवे, दरोडेखोराच्या मुस्काटात द्यायला मागेपुढे न पाहणारे. पण भुताखेतांना मात्र ते भ्यायचे. बायकोने दंडाला बांधलेला काळा दोरा त्यांनी सदऱ्यावरून चाचपला आणि मनाशी म्हणाले, मेलो! पितरांचे दिवस आणि त्यात हा गोरा पितर!

जमादार फत्तेसिंग मात्र खुशीत होता. त्याने सलाम ठोकला. "साहेब, गुन्हेगार सापडला आहे. चावडीत कोंडलाय. भिला नाव. काल भरसभेत बाबांच्या अंगावर धावून गेला होता. आणि ओट्यावर अनवाणी पावलं उमटली आहेत. गावात त्याच्याइतका अनवाणी कोण?"

"अर्धं गाव अनवाणी शे, फत्तेसिंग."

"पण भांडला तो एकटाच."

गोरा माणूस मेला होता. संध्याकाळपर्यंत धुळ्याहून बड्या साहेबांची मोटार येणार होती आणि येताना साहेब गुन्हेगाराला न्यायची तयारी करूनच येणार होते. एकदा का भिला त्या मोटारीत बसला की थेट फासावरच उतरणार, हे हिलालरावांना ठाऊक होतं. अशा खटल्यात भिल्लाच्या बाजूने बोलायला वकील मिळत नाही, आणि मिळालाच तर न्यायाधीश घड्याळाकडे बघत बसतो.

२

भिलाची बायको कालीबाई प्रार्थनाघर झाडायची. देह पहिल्यांदा तिनेच पाहिला. ती ओट्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. हिलालराव तिच्यापासून हातभर अंतरावर बसले.

"कालीबाई, काल काय व्हयनं ते माले सांग. बठ्ठं सांग."

तिने सांगितलं, आणि सांगता सांगता ती रडायची थांबली, कारण गोष्ट होतीच तशी.

बाबांच्या मुलखात हजार वर्षांपूर्वी वाक्लाव नावाचा राजा होऊन गेला. आपल्याकडे जसा गावदेव, तसा तो त्या अख्ख्या देशाचा राखणदार. सख्ख्या भावाने त्याच्यावर मारेकरी घातले, देवळाच्या दारात त्याला गाठलं आणि दाराची कडी धरून राजा मेला. त्याचं रक्त भिंतीवरून धुतलं तरी पुन्हा पुन्हा वर यायचं म्हणे. काल त्या राजाचा सण होता. दरवर्षी या सणाला बाबा पाचशे वर्षांपूर्वीचं एक प्रवचन सांगायचे. प्राग शहरात एक प्रवचनकार होता, तो पंडितांची भाषा सोडून लोकांच्या बोलीत बोलायचा. राजाच्या सणाला देवळात ही गर्दी, राजाच्या हाडांना सोन्याची पेटी, पेटीचं चुंबन घ्यायला रांगा. तेव्हा तो उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, "मेलेल्या राजाची हाडं तुम्ही सोन्यात झाकता आणि जित्या विधवेची चूल थंड ठेवता! हा राजा अंधारात उठून अनवाणी रानात जायचा, स्वतःच्या खांद्यावर लाकडं आणायचा, ज्याला कोणी नाही त्याच्या दारात ठेवायचा आणि कोणाला कळू न देता परत फिरायचा. त्याची हाडं पुजू नका. त्याची मोळी उचला."

"आणि मंग?" हिलालराव गोष्टीत कधी शिरले ते त्यांनाच कळलं नाही.

"मंग तशा बोलनारासले धरमवालासनी जित्तं जाळं, बाबा सांगेत." कालीबाईने पदराने नाक पुसलं. "साहेब, आमना पाडामा महिनाभरपासून तेच व्हई ऱ्हायनं. सकाळे उठो तं इधवा बायासना दारमा मोळी. सुकी खडखडीत. या पावसामा सुकं लाकूड कोठे भेटस? आनि चिखलमा उघडा पायना ठसा. लोके म्हनेत, बाबांना राजा येस."

"आणि भिला कसाले भांडना?"

तेही तिने सांगितलं. लाकूड चोरीचं असणार, गावातल्या लाकूड-ठेकेदार शेठच्या वखारीतलं असणार, हे भिल्लांच्या लक्षात आलं होतं. पुण्य कोणाच्या पदरात पडत होतं देव जाणे, पण वखारीचा राखणदार उदेसिंग मार देत होता तो पाड्यातल्या लोकांना. काल प्रवचन संपल्यावर भिला उठून ओरडला होता, "तुमना राजाले सांगा, मोळी नको आमले! त्याना पुण्यनं आमनी पाठ फुटस!" बाबा खाली मान घालून उभे राहिले होते.

कालीबाई उठली आणि पायरीकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब, ते रगत देखा. मी सकायपासून दोनदा धुयं. जमादारसाहेबनी सांगं म्हनीसन धुयं. तरी ते परत येस."

हिलालरावांनी पाहिलं. पायरी ओली होती आणि तिच्या मधोमध ताजा, लालसर डाग होता. फत्तेसिंगाचा खुशीतला चेहराही आता उतरला. दोघांपैकी एकानेही तो डाग बोटाने शिवून पाहिला नाही.

३

भीती ही अशी चीज आहे की तिच्याशेजारी रिकामं बसलं तर ती वाढते. म्हणून हिलालराव कामाला लागले.

आधी ओटा. काल लोक पांगल्यावर दिवेलागणीला कालीबाईने तो शेणाने सारवला होता. ओलसर सारवणात बाबांच्या टाचा ओढत आणल्याच्या दोन रेघा होत्या. म्हणजे घाव खाली, अंगणात बसला आणि देह वर आणून दाराशी मांडला. रेघांच्या बाजूने दुसऱ्या कोणाची तरी अनवाणी पावलं उमटली होती, खोल आणि स्वच्छ. मग पायरीखालचा कोपरा, जिथे वळचणीमुळे पाऊस पोचत नव्हता. तिथल्या चिखलात दोन लांबट खळगे शेजारी शेजारी होते, टोकाकडे निमुळते होत गेलेले, टोकं बाहेरच्या बाजूला. त्यांत टाचेची खूण नव्हती. हिलालराव त्यांच्याकडे बराच वेळ पाहत बसले.

मग घोंगडी. तिच्या उजव्या खांद्यावर दोराचा वळ खोल रुतला होता. मोळी बाबाच वाहत होते तर! पण कालीबाई म्हणाली, बाबांकडे घोंगडी नव्हतीच कधी. हिलालरावांनी घोंगडी नाकाशी नेली. हिंग आणि गूळ. किराणा दुकानाचा वास.

आणि शेवटी मोळी. त्यांनी एक फाटा उचलला, उलटसुलट केला, दुसरा उचलला. लाकूड धावड्याचं. पण कसं? साल सोललेली, भेगेभेगेतून झाडलेलं, कुठे मुंगी नाही, वाळवीची माती नाही, कोळ्याचं जाळं नाही. जळाऊ लाकूड इतकं स्वच्छ? पाड्यातली बाई मुंग्यांसकट फाटा चुलीत सारते, तिला कुठली फुरसत! हिलालराव शाळेसाठी नंदुरबारला एका मारवाडी जैन घरात खोली घेऊन राहिले होते. त्या घरची बाई रोज सकाळी एकेक फाटा हातात घेऊन मऊ पुंजणीने झाडायची, कारण चुलीत जीव जळला तर पाप कोणाच्या माथी? ते काम हाताच्या इतकं अंगवळणी पडतं की अंधारातही हात ते करून जातात.

गावात जैन घर एकच होतं. भीकमचंद शेठ आणि त्यांचा धाकटा भाऊ हस्तीमल. थोरला लाकडाचा ठेकेदार, वखारीचा मालक. धाकटा किराणा दुकान बघायचा.

वखारीच्या फाटकाला हिरव्या बांबूचा नवा अडसर होता. भीकमचंद शेठ गादीवर बसले होते, डोक्याला पगडी, गळ्यात सोन्याची साखळी, पन्नाशीतला दणकट माणूस. उंबऱ्याबाहेर त्यांच्या जरीच्या मोजड्या.

"पधारो साहेब! काय वाईट झालं हो! देवमाणूस गेला."

"शेठ, काल तुम्ही प्रवचनाला होते."

"बोलावलं होतं, म्हणून गेलो. त्यांच्या राजाचं कागदी चित्र आहे भिंतीवर, त्याला मी चांदीची चौकट देतो म्हटलं. चांगल्या मनानं म्हटलं, साहेब! तर बाबा हसले. म्हणाले, चांदी नको शेठ, तुमच्या वखारीतलं सुकं लाकूड द्या. सगळा भिलाटा हसला माझ्यावर." शेठचा आवाज चढला आणि त्यांनी तो लगेच खाली आणला. "जाऊ द्या. मेलेल्या माणसाचा राग काय करायचा."

"लाकूड चोरीला जातं म्हणे?"

"महिनाभर! फाटकाचा अडसरसुद्धा नेला चोरांनी, हा नवा घालावा लागला. मी तर म्हणतो, तुम्ही धरला तोच."

राखणदार उदेसिंग फाटकाशी उभा होता, पायांत गुडघ्याखालपर्यंत बांधायचे लष्करी बूट, मिशा पिळलेल्या, पण डोळे रात्रभर उघडे असल्यासारखे लाल. शेठपासून दूर नेताच तो फुटला.

"साहेब, मी त्याला पाहिला. काळं होतं सगळं. खांद्यावर लाकडं. आणि त्याला डोकं नव्हतं! नरडीपासून वर नुसतं काळं! मी खोपटात शिरलो आणि रामनाम घेत पडलो. शेठजींना सांगितलं तर शिव्या देत स्वतःच बाहेर गेले."

"शेठ परत कधी आले?"

"मी डोक्यावर पांघरूण घेतलं होतं, साहेब. तुम्ही असता तर तुम्हीही घेतलं असतं."

हिलालरावांना हे अगदी पटलं, पण त्यांनी नुसता मिशीवरून हात फिरवला.

४

हस्तीमल दुकानात एकटाच बसला होता. पंचविशीचा, काटकुळा, थोरल्या भावाच्या बरोबर उलट. हिलालरावांनी सगळ्यात आधी त्याचे पाय पाहिले. अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, बोटांच्या बेचक्यांत वाळका चिखल.

"शेठ, तुमच्या मोजड्या?"

"पर्युषणात नियम घेतलाय, साहेब. काही दिवस पायांत घालायचं नाही."

"चांगला नियम. मोळ्या वाहण्याचाही नियम घेतलाय का?"

हस्तीमलने हातातली तागडी खाली ठेवली. हिलालरावांनी त्याला घाई केली नाही. त्यांनी घोंगडी काढून गादीवर ठेवली, एवढंच.

"आमच्या महाराजांनीही तेच सांगितलं आहे," हस्तीमल शेवटी खाली बघत म्हणाला. "गुप्तदान. ह्या हातानं दिलेलं त्या हाताला कळू नये. पण आमच्यात काय, यांच्यात काय, सगळे देतात ते मूर्तीला मुकुट, मखराला चांदी, आणि वर आपलं नाव कोरून. मी बाबांकडे संध्याकाळी बसायचो. त्यांनी ते प्रवचन मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. भाईसांची वखार भरलेली आणि पाड्यातल्या म्हाताऱ्या ओली काटकी फुंकून आंधळ्या होतायत. माझ्या घरचंच लाकूड, साहेब. मी चोरी म्हणून नेलं नाही."

"आणि काल?"

"काल भिला ओरडला ना, त्यानं बाबांचं काळीज फाटलं. मी मोळी घेऊन निघालो तर ते वाटेत उभे. म्हणाले, मी गोष्ट सांगितली, ओझं तू वाहिलंस आणि मार भिल्लांनी खाल्ला. आज मोळी मी नेणार आणि उद्या सगळ्या गावाला खरं सांगणार. बूट काढले. भुरभुर पाऊस होता, मी माझी घोंगडी त्यांच्या डोक्यावरून पांघरली. मी मागच्या वाटेनं घरी आलो."

"मग भिलाला धरल्यावर तुम्ही गप्प का बसले?"

हस्तीमलने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." असं म्हणून तो जे विचारलंच नव्हतं ते सांगायला लागला. "आमचे वडील गेले तेव्हा मी मांडीएवढा होतो. भाईसांनी मला वाढवलं. मला ताप आला की ते दुकान बंद ठेवायचे."

माणूस नको तिथे भावाचं गुणगान करायला लागला की समजावं, त्याच्या मनात काहीतरी शिरलं आहे आणि तो ते बाहेर काढायला बघतोय. हिलालरावांनी पुढे विचारलं नाही. त्यांना त्या पोराची दया आली.

५

दुपार कलली तसं आभाळ काळवंडलं. हिलालराव प्रार्थनाघराकडे परतले. बाबांना आत बाकावर निजवलं होतं. चिंचेखालचे लोक अजून तिथेच होते. पायरी कालीबाईने तिसऱ्यांदा घासली होती आणि दगड आता पांढराफटक दिसत होता.

पावसाची सर आली. आणि सगळ्यांच्या देखत, दिवसाढवळ्या, पायरीवर लाल थेंब उमटला.

कोणी टेकलं नाही, कोणी शिवलं नाही. एक थेंब, मग त्याच्याशेजारी दुसरा, मग दोन्ही मिळून डाग पसरायला लागला. चिंचेखाली बायकांनी किंकाळी फोडली. "राजाच शे! राजाच शे!" करत निम्मे लोक पळाले. फत्तेसिंग भिंतीला पाठ लावून हनुमानाचं नाव घेत होता. हिलालरावांनी दंडावरचा दोरा घट्ट धरला. पळावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि वर्दी नसती तर ते पळालेही असते.

पण चावडीतून कोणीतरी हाका मारत होतं. भिला. इतक्या दुरून काय म्हणतोय ते कळत नव्हतं. दार उघडा म्हणत असावा, बायकोला बोलावत असावा. हिलालराव गुडघ्यांवर बसले, डागात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"साहेब!" फत्तेसिंग ओरडला. "रगत चाटताय?"

हिलालरावांनी तोंड वाकडं केलं. जीभ आवळली होती, टाळू खरखरीत झाली होती. ते जन्माचे पानखाऊ, ही चव त्यांना झोपेतही ओळखू आली असती.

"रगत नही रे बाबा! कात! कात शे!"

त्यांनी मान वर केली. वळचणीतलं एक कौल बाजूला सरकलेलं होतं आणि त्या फटीतून लाल थेंब टपकत होता. फत्तेसिंगाने कौल काढलं. आत कमरेएवढ्या लांबीचा, जाडजूड, खैराचा दांडका खुपसलेला होता. खैर भिजला की कात सुटतो, हे त्या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही. दांडक्याच्या एका टोकाला पांढरे केस चिकटले होते. दोन्ही टोकांना फाटकाच्या कड्यांत घासून पडलेल्या खाचा होत्या.

वखारीचा जुना अडसर.

६

हिलालरावांनी सगळ्यांना प्रार्थनाघराच्या ओट्यावर बोलावलं. हस्तीमल आधीच येऊन कोपऱ्यात उभा होता. फत्तेसिंगाने भिलाला दोरी बांधून आणलं होतं. उदेसिंग आला, बूट सोडायला वेळ लागेल म्हणून पायरीखालीच थांबला. शेवटी भीकमचंद शेठ आले, कपाळावर आठी, हातात छत्री. पायरीशी येताच त्यांनी मोजड्या काढल्या, पायानेच वळवून टोकं बाहेर केली आणि ओट्यावर चढले.

हिलालरावांनी ते पाहिलं आणि एक मोठा श्वास सोडला.

"शेठ, तुम्ही ख्रिस्ती लोकांचं देऊळ मानता का हो?"

"देवाची जागा आहे, साहेब. कोणाचीही असो. जोडे घालून कसं चढायचं?"

"खरं आहे. तेच सांगतो सगळ्यांना." हिलालराव भिलाकडे वळले. "जमादार म्हणतो, ओट्यावर अनवाणी पावलं आहेत म्हणून हा खुनी. भिला जन्मात जोडा घालत नाही. काल चिखल घोट्याएवढा होता. भिला ओट्यावर चढला असता तर सारवणात चिखलाचे गोळे पडले असते. पण पावलं स्वच्छ आहेत. म्हणजे चढला तो इथपर्यंत जोडे घालून आला आणि पायरीशी त्याने ते काढले. नेम धरून माणूस मारला, त्याला काखेत धरून ओढत आणला, आणि देवाची पायरी आली तसे जोडे काढून ठेवले! हात रक्ताने भरलेले असतानाही सवय सुटली नाही. जोड्यांचे ठसे त्या कोपऱ्यात आहेत. टोकदार, बिनटाचेचे, टोकं बाहेर. उदेसिंगाचे बूट खिळ्यांचे आहेत. गावात मोजड्या दोघांच्याच, आणि त्यातला एक महिनाभर अनवाणी फिरतोय."

भीकमचंद शेठनी खाली आपल्या मोजड्यांकडे पाहिलं. त्या नेमक्या कोपऱ्यातल्या खळग्यांशेजारी, तशाच तोंड करून उभ्या होत्या.

"तुम्हाला बाबांना मारायचं नव्हतं, हे मला माहीत आहे," हिलालराव जरा हळू आवाजात म्हणाले. "उदेसिंगाने बिनडोक्याचं भूत पाहिलं. तुम्ही भुताला भ्यायला नाहीत, अडसर काढून घेऊन निघालात. पुढे अंधारात, पाड्याच्या वाटेवर याच अंगणात, घोंगडी ओढलेला, अनवाणी, मोळीवाला माणूस. मागून घाव घातलात. घोंगडी उचलून पाहिलीत तर गोरा चेहरा. मग तुम्हाला दुपारचं प्रवचन आठवलं. कडीत हात अडकवला, मोळी पायाशी ठेवली, अडसर वळचणीत लपवला. म्हटलं, लोक राजाच्या नावानं घाबरतील आणि पोलीस भिल्लाच्या नावानं खूश होतील. दोन्ही खरं झालं."

"माले वाटनं..." भीकमचंद शेठच्या तोंडून शुद्ध मराठी गळून पडली होती. "माले वाटनं भिला शे. चोर शे. आई शप्पथ, साहेब, माले वाटनं कोनी भील शे!"

कोपऱ्यातून हस्तीमल पुढे आला.

"भाईसा, तो भील नव्हता. रोज मी असतो."

शेठना आधी कळलंच नाही. त्यांनी भावाच्या पायांकडे पाहिलं. घोंगडीकडे पाहिलं. दुकानातली घोंगडी, त्यांनीच गेल्या साली याला घेऊन दिलेली.

"मोळी मी न्यायचो. काल बाबांनी माझ्या खांद्यावरून घेतली. नाहीतर तुम्ही मारलंत ते मला मारलं असतं. तुम्ही सगळ्या जोरानं मारलंत, भाईसा."

भीकमचंद शेठ मटकन खाली बसले. त्यांनी पगडी काढली आणि हस्तीमलच्या चिखलाच्या पायांवर डोकं ठेवून ते असे रडले की फत्तेसिंगानेही तोंड फिरवलं. हस्तीमल त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याने हात काढला नाही, पण त्यांना उठवलंही नाही.

७

साहेबांची मोटार आली, साहेबांनी भुवया उंचावल्या, शेठना घेऊन मोटार गेली. हस्तीमल अनवाणीच तिच्यामागे रस्त्यापर्यंत चालत गेला.

हिलालरावांनी स्वतःच्या हाताने भिलाची दोरी सोडली. त्याच्या मनगटांवर वळ उठले होते. कालीबाई त्याचा हात धरून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती. हिलालरावांना बरं वाटत होतं. आज भुताला न भिता एक माणूस वाचवला, घरी जाऊन बायकोला सांगू, असा विचार त्यांच्या मनात आला होता. भिला आता पाया पडेल, मग आपण त्याला उठवू आणि म्हणू, अरे हे तर माझं कामच!

भिला पाया पडला नाही. तो मनगट चोळत होता.

"साहेब, एक इचारू?"

"इचार ना भाऊ."

"शेठ म्हनना, त्याले वाटनं भील शे. आते मी सांगस, बाबांना जागावर खरंच मी ऱ्हातू, माले मारी टाकतात, तं तुम्ही नवापूरथीन येतात का?"

हिलालरावांनी काहीतरी बरं बोलायला तोंड उघडलं. कालीबाई त्यांच्याकडे बघत होती. भिलाच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नही येतू," हिलालराव म्हणाले.

भिलाने मान हलवली आणि ती दोघं पाड्याकडे चालायला लागली.